पहिल्या तारखेचं दान

पुणे,
रविवार, संध्याकाळ

चि. बाळ,


पहिला पगार झाल्याबरोबर तू विचारलंस, दशमांश हातात आलेल्या रकमेवर काढायचा की पीएफ, टॅक्स कापण्याआधीच्या? फार बरं वाटलं. आकडा तू प्रार्थना करून ठरव. मात्र पैसे पगाराच्या दिवशीच बाजूला काढ. भाडं, हप्ते भागवून उरेल त्यातून देईन म्हटलं, तर उरत नाही. माझ्या संसारात कधी उरलं नाही.

पंडिता रमाबाईंचं बघ. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुण्याला घेऊन आल्या. पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेचा खर्च बोस्टनची रमाबाई असोसिएशन चालवत होती, पण या मुलींसाठी कुणी काही तजवीज केलेली नव्हती. त्यात पुण्यात प्लेग. मग त्यांच्या केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या; तेच पुढे मुक्ती मिशन. रमाबाईंनी केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं, देव पुरवतो हा त्यांचा भरवसा होता. म्हणून आधी मुली आणल्या, पैशाची वाट पाहत बसल्या नाहीत. केडगावला एकदा जाऊन ये, दौंडच्या गाडीने जवळ आहे.

दुसरं, दिलेल्यावर हक्क ठेवू नकोस. चर्चमधल्या पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव रंगवलेलं दिसलं की माझा जीव खट्टू होतो. त्यापेक्षा हंगामाच्या सणाचा लिलाव मला आवडतो. कुणी भोपळा बोली लावून घेतो, पैसे भरतो आणि तोच भोपळा पुन्हा टेबलावर ठेवतो. दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. शेवटी भोपळा कुणाच्या घरी गेला हे कुणी लक्षातही ठेवत नाही.

पण हक्क सोडणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय, सावकाश वाच. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत असून कशा देत होत्या, तेही तिथेच आहे.

तेव्हा पावती घेत जा. चर्चच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचायला लागले की बरेचजण चहाला उठतात. तू बसून राहा, आणि गरिबांच्या मदतनिधीत किती जमलं, किती वाटलं, हे उभं राहून विचार.

तुझी,
आत्या