जेरंडाचे गुऱ्हाळ

दिवाळीच्या अंकात इंग्रजी व्याकरणावर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी एरंडेलाचा चमचा ठेवण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण गेली वीस वर्षे मी हेच एरंडेल मुलांना पाजत आलो आहे, आणि माणसाने आपल्या धंद्याविषयी वर्षातून एकदा तरी मोकळेपणाने बोलावे. वर दिलेले नाव मात्र माझ्या पदरचे नाही. आमच्या दहावीच्या वर्गातल्या एका कारट्याने जेरंडाच्या धड्याला 'जेरंडाचे गुऱ्हाळ' म्हटले, ते मी खिडकीबाहेरून ऐकले. खरे सांगतो, रागावण्याऐवजी मला त्याचा हेवाच वाटला. चार कादंबऱ्या लिहिल्या, पण इतके चपखल नाव मला एकीलाही सुचलेले नाही.

ज्यांचा शाळेशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी दोन शब्द. 'गो' म्हणजे जा. त्याच्या आधी 'टु' लावले की 'टु गो', हा इन्फिनिटिव्ह. मागे 'इंग' लावले की 'गोइंग', हा जेरंड. दोघांचाही मराठी अर्थ कोशात एकच: जाणे. मग तंटा कसला? तंटा असा की, इंग्रजीतली काही क्रियापदे आपल्या पाठीमागे 'टु'लाच बसू देतात आणि काहींना 'इंग'च लागतो. वॉन्ट, होप, प्रॉमिस, डिसाइड, रिफ्यूज ही 'टु'वाली. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, सजेस्ट ही 'इंग'वाली. व्याकरणाच्या पुस्तकांत या दोन याद्या समोरासमोर छापलेल्या असतात, लग्नातल्या वरपक्ष-वधूपक्षासारख्या, आणि मुले त्या पाढ्यांप्रमाणे घोकतात. परीक्षा संपली की पाढे राहतात, याद्या जातात.

या पुस्तकांतले सर्वांत जाडजूड म्हणजे रेन आणि मार्टिन यांचे. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. पुढे १९२४ साली 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून ते जगभर गाजले. व्याकरणही लिहिले आणि कादंबरीही धो धो खपली, असा एक मास्तर होऊन गेला आहे, हे मी घरात अधूनमधून मोठ्याने बोलून दाखवतो. कोणी फारसे लक्ष देत नाही.

तर सांगत होतो ते याद्यांविषयी. मुले चुकतात कुठे, हे मी बरीच वर्षे वह्या तपासता तपासता टिपत गेलो. चुका वाटेल तशा नसतात. त्यांना एक वळण असते. 'आय एन्जॉय टु प्ले क्रिकेट' असे निम्मा वर्ग लिहितो. का? तर मुलाच्या मनात आधी मराठी वाक्य उमटते: मला क्रिकेट खेळायला मजा येते. आणि पहिलीपासून त्याच्या कानात भरवलेले असते की 'टु' म्हणजे 'ला'. शाळेला, 'टु स्कूल'. मग खेळायला म्हणजे 'टु प्ले', यात त्या बिचाऱ्याचे काय चुकले? 'त्याने घरी जायला सुचवले' हे वाक्य तो 'ही सजेस्टेड टु गो होम' असे लिहितो, तेही त्याच हिशेबाने. आपल्याकडे २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्यामुळे हा 'टु म्हणजे ला' आता दूधदातांबरोबरच येतो आणि दूधदात पडले तरी पडत नाही.

यावर उपाय म्हणून पुष्कळ शिक्षक मुलांना बजावतात, मराठीतून विचारच करू नका. हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. एक तर तो पाळता येत नाही. आणि दुसरे म्हणजे, जो मराठीला नीट विचारतो त्याला ती इंग्रजीचेही उत्तर देते. फक्त 'ला'पाशी न थांबता आणखी थोडे विचारावे लागते.

'स्टॉप' घ्या. 'ही स्टॉप्ड टु स्मोक' आणि 'ही स्टॉप्ड स्मोकिंग'. पहिल्यातला गृहस्थ विडी ओढायला वाटेत थांबला. दुसऱ्यातल्याने विडी सोडली. एकाच्या बायकोने कपाळाला हात लावावा आणि दुसऱ्याच्या बायकोने पेढे वाटावेत, एवढा फरक. मराठीत 'ओढायला थांबला' आणि 'ओढणे सोडले' यांत कोणी गोंधळ करील काय? तसेच 'ट्राय'चे. खिडकी फुगून बसली आहे, हलत नाही. तेव्हा मी ती उघडायचा प्रयत्न केला: 'ट्राइड टु ओपन'. खिडकी सहज उघडते, पण उकाडा काही केल्या जात नाही. तेव्हा मी ती उघडून पाहिली: 'ट्राइड ओपनिंग'. 'उघडून पाहिली' यातला 'पाहिली' इंग्रजाला पुरे वाक्य खर्चूनही इतका नेमका सांगता येणार नाही, असे मला वाटते. पण मी मराठीचाही मास्तर आहे, तेव्हा माझे मत पक्षपाती समजावे.

'रिग्रेट' हे क्रियापद तर आम्हां लेखकांच्या जिव्हाळ्याचे. 'आपले हस्तलिखित स्वीकारता येत नाही हे कळविण्यास खेद वाटतो', हे झाले 'रिग्रेट टु इन्फॉर्म'. कळवणे अजून पुढे आहे, खेद आधी. 'कळविल्याचा खेद वाटतो' हे झाले 'रिग्रेट इन्फॉर्मिंग'. कळवून झाले, आता खेद. पहिल्या प्रकारची पत्रे माझ्याकडे एक पिशवीभर आहेत. दुसऱ्या प्रकारचे पत्र आजवर एकाही प्रकाशकाकडून आलेले नाही.

ही उदाहरणे शेजारी शेजारी मांडली की मुलांच्या आपोआप लक्षात येते: 'टु' पुढे बघतो. जे अजून व्हायचे आहे, ज्याच्याकडे तोंड आहे, ते 'टु'च्या वाट्याला. जे झाले, चालू आहे, किंवा वस्तूसारखे समोर धरता येते, ते 'इंग'च्या. यात नवल नाही. हा 'टु' मूळचा दिशा दाखवणाराच; गावाकडे, नदीकडे, तसा कामाकडे. आणि 'इंग' हा क्रियापदाचे नाम करणारा जुना प्रत्यय. आपण बिल्डिंगमध्ये राहतो आणि मीटिंगला जातो, तेव्हा तोच आपल्या सोबत असतो. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांना मी गन्तुम् आणि गमनम् यांची आठवण देतो. एक क्रिया दुसरीसाठी चालली असेल तेव्हा पाणिनीने 'तुम्' सांगितला. गन्तुम् म्हणजे जाण्यासाठी, गमनम् म्हणजे जाणे ही गोष्ट. इंग्रज आणि आपण दूरचे भाऊबंद आहोत, तेव्हा दोन्ही घरांत दोन निराळी भांडी असली तर त्यात अचंबा करण्यासारखे काही नाही.

आता कोणी हुशार वाचक विचारील, की 'सजेस्ट'चे काय? सुचवलेली गोष्ट तर अजून व्हायचीच असते. 'पोस्टपोन'चे काय? 'अव्हॉइड'चे काय? बरोबर आहे. इथे माझे गुऱ्हाळ अडते. मी मुलांना सांगतो की, ज्या कामाविषयी नुसते बोलायचे, जे पुढे ढकलायचे किंवा टाळायचे, ते काम जागेवरच वस्तूसारखे पडून राहते. त्याच्याकडे कोणी निघालेला नसतो. मुले माना डोलवतात. पण ही मनाची समजूत आहे, नियम नव्हे, आणि तसे मी त्यांना सांगूनही टाकतो. थोडी यादी घोकावीच लागते. 'बिगिन', 'लाइक' ही दोन्ही घरचे पाहुणे. त्यांना काहीही वाढा.

एक चूक मात्र मी कोणाला सोडत नाही. आमच्या शाळेतून गेलेली मुले पुण्याला नोकरीचे अर्ज धाडण्यापूर्वी मला दाखवायला आणतात. शंभरातल्या नव्वद अर्जांच्या शेवटी असते: 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू.' त्यांना वाटते, 'टु' आला, आता पुढे 'हिअर'च. मी विचारतो, "आश्विन लागला की तुझे डोळे कुठे लागतात?" मुलगा म्हणतो, "दिवाळीकडे." "मग दिवाळी हे काय आहे?" "नाम." "या 'टु'चा अर्थ 'कडे'. कडेच्या आधी मराठीत काय येईल? तुमचे पत्र येण्याकडे. येण्या! ते 'येणे' हे नाम झाले की नाही?" मग तो स्वतःच 'हिअर'च्या मागे 'इंग' लावतो. नोकरी लागते की नाही हे 'इंग'वर अवलंबून नसते. परंतु एवढ्याशा जागी तो अडखळला नाही, याचे मला बरे वाटते.

इतके सारे वर्गातले. वर्गाबाहेर या गोष्टीची कधी गरज पडेल असे मला वाटले नव्हते. गेल्या वर्षी ती पडली.

आमच्या वाड्यात पुढच्या दोन खोल्यांत एक काकू राहतात. पंचाहत्तरी उलटली आहे. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. ते रोज सकाळी ओट्यावर बसून चिमण्यांना बाजरी घालीत. त्यांच्या खोकल्याचा आवाज आला की चिमण्या तारेवरून खाली उतरत. मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो. नातू बारा वर्षांचा, फोनवर "आजी, कशी आहेस?" याच्या पुढे त्याची मराठी जात नाही आणि काकूंची इंग्रजी तिथवरही येत नाही. म्हणून काकूंनी हट्टाने त्याला पत्र लिहायला लावले. त्या म्हणाल्या, "फोन ठेवला की संपतो. कागद उशाशी राहतो."

पत्र आले. नात्यातल्या एका कॉलेजातल्या मुलीने ते वाचून दाखवले, आणि काकू चार दिवस नुसत्या हवेत होत्या. भेटेल त्याला सांगत होत्या, की नातू तिकडे आजोबांचे व्रत चालवतो आहे, रोज चिमण्यांना दाणे घालतो. वाड्यातले कोणीतरी महिनाअखेरीस इंग्लंडला जाणार होते, त्यांच्याबरोबर पाठवायला त्यांनी दोन किलो बाजरी निवडून पाखडून पिशवीत बांधूनही ठेवली होती. मग एका संध्याकाळी त्या पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, पुन्हा एकदा वाचा हो. ऐकायला बरं वाटतं."

मी वाचले. ओळ होती: 'आय विल नेव्हर फर्गेट फीडिंग आजोबाज स्पॅरोज.'

त्या मुलीने ती अशी सांगितली होती: आजोबांच्या चिमण्यांना दाणे घालायला मी कधी विसरणार नाही. पण मुलाने 'टु फीड' लिहिले नव्हते. 'फीडिंग' लिहिले होते. आजोबांच्या चिमण्यांना दाणे घातल्याचे मी कधी विसरणार नाही. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो इथे आला होता, ते दिवस.

मी जरा थांबलो. शेजाऱ्याच्या नात्याने वाटत होते की राहू द्यावे. घालायला काय आणि घातल्याचे काय, म्हातारीला आनंद आहे ना! पण पत्र त्या मुलाचे होते, आणि त्याने जे लिहिले होते ते उणे नव्हते. शिवाय ती दोन किलो बाजरी डोळ्यांसमोर दिसत होती.

"काकू," मी म्हटले, "तो तिकडे दाणे घालतो असं नाही लिहिलेलं त्याने. इथे आजोबांच्या चिमण्यांना घातले होते ते विसरणार नाही, असं लिहिलंय."

काकूंनी पत्र माझ्या हातातून घेतले. ओळीवरून बोट फिरवले, जणू अक्षर लागते आहे. "म्हणजे घालत नाही. आठवतंय."

"हो."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आतून आमच्या घरातल्या कुकरची शिटी झाली. मग त्या म्हणाल्या, "आठवतंय ना? आठ वर्षांचं होतं हो पोर तेव्हा." आणि थोड्या वेळाने, अगदी नेहमीच्या करड्या आवाजात, "मग लिहा त्याला. आठवून काय करायचंय नुसतं? घालायला विसरू नकोस म्हणावं."

मी लिहिले, 'डोंट फर्गेट टु फीड द बर्ड्स.' त्यांनी विचारले, "त्याला कळेल ना, आता घालायचे ते?" मी 'टु'वर बोट ठेवून म्हटले, "हे आहे ना, याने कळेल." त्यांनी तो 'टु' चष्मा पुसून नीट पाहून घेतला. बाजरी गेली नाही. तिकडे मिळते, असे मुलाने फोनवर कळवले.

उत्तर यायला माघ उजाडला. तिकडे तेव्हा बर्फ होते. चिमण्या फारशा येत नाहीत, एक तांबड्या छातीचा रॉबिन येतो, असे त्याने लिहिले होते. शेवटची ओळ मी आधी इंग्रजीत वाचली: 'आय रिमेंबर टु फीड हिम एव्हरी मॉर्निंग, एक्सेप्ट संडे, व्हेन आय स्लीप लेट.'

"टु आहे ना?" काकूंनी विचारले.

"आहे." मी मराठीत सांगितले, की रोज सकाळी न चुकता घालतो, फक्त रविवारी उशिरापर्यंत झोपतो.

काकूंनी चष्मा काढून घडी घातला. "रविवारी काय पाखराची एकादशी असते का हो? लिहा त्याला."