शक आणि शहानिशा

आम्ही जुन्या मोटारींचे वायरिंगवाले. हे कसब आम्हाला कुठल्या शाळेत मिळाले नाही, उस्तादांच्या हाताखाली मिळाले. मुंबईत आमच्यासारख्या कितीतरी घरांची रोजी फियाटने चालवली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, काळी-पिवळी टॅक्सी झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर उरली नाही. काही हौशी मालकांनी मात्र आपल्या गाड्या जपल्या आहेत. त्या आमच्याकडे येतात.

या गाड्यांत स्कॅनर लावायला जागा नाही. हाताशी असतो एक बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन तारा. उस्ताद सांगायचे, बिघाड जिथे दिसतो तिथेच असतो असे समजू नका. इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवाही लुकलुकतो, गिऱ्हाईक म्हणते स्विच बदला. दोष बहुधा दिव्याच्या अर्थिंगमध्ये असतो. या गाडीत करंट बॅटरीतून तारेने जातो आणि बॉडीच्या पत्र्यातून परततो. पत्र्याला गंज चढला की परतीची वाट अडते आणि करंट दुसऱ्या दिव्यातून रस्ता शोधतो. पत्रा घासला, स्क्रू आवळला की काम झाले. स्विच बिचारा निर्दोष!

मागे एक वयस्क गृहस्थ डायनेमोची जुनी फियाट घेऊन आले. "मिस्त्री, काही दिवस ठीक जातात, मग एका सकाळी बॅटरी पार बसलेली असते. दुसऱ्या गॅरेजात दोनदा नवी बॅटरी घातली." निवृत्त माणूस, पेन्शनीतून खर्च करणारा. आम्ही विचारले, "साहेब, चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो ना?" ते म्हणाले, "कधी लागतो, कधी नाही. बल्ब ढिला असेल."

आम्ही गाडी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी इंजिन बंद केल्यावर तो लाल दिवा लागला नाही. लगेच चावी काढली, बॅटरीची अर्थची तार सोडवली आणि तिच्यामध्ये आमचा बल्ब जोडला. गाडीत सगळे बंद, तरी बल्ब पेटलेला. म्हणजे करंट कुठेतरी जात होता. एकेक फ्यूज काढला, सगळे काढून झाले, तरी बल्ब पेटलेलाच. चार्जिंगची तार फ्यूजमधून जात नाही, म्हणून डायनेमोकडची ती तार सोडवली. बल्ब विझला. कट-आउटचा डबा उघडला तर त्याचे पॉइंट चिकटलेले. इंजिन थांबले की त्यांनी सुटायचे असते. ते सुटले नाहीत की बॅटरी उलट डायनेमोलाच करंट पाजत बसते. लाल दिवा तेच सांगत होता, पण त्याच्या न लागण्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. कट-आउट बदलला. बॅटरी तीच राहिली.

शक येणे वाईट नाही. शकाशिवाय आमचे कामच सुरू होत नाही. पण शक हाच निकाल मानला की निर्दोष वस्तू बाहेर फेकली जाते आणि खरा दोष आत बसून राहतो. गाडीत यात पैसे जातात. माणसांच्या बाबतीत काय जाते, ते आमच्या मोहल्ल्यांना वेगळे सांगायला नको.

आता शागीर्द मिळत नाहीत. मुलांना नव्या गाड्यांचे काम हवे आणि त्यात त्यांचे चुकतही नाही. रोजी तिकडे आहे. मात्र स्कॅनरही फक्त संशयिताचे नाव सांगतो, शहानिशा माणसालाच करावी लागते. एवढे तरी त्यांनी आमच्या बल्बाकडून शिकून जावे. पुढे गाडी कोणतीही येवो.