उकिरड्यावरील वनराई

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं देखील फिटते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा प्रत्यय ज्यांस घ्यावयाचा असेल, त्यांनीं मुंबईंत धारावीलगत, मिठी नदीच्या कांठीं असलेलें महाराष्ट्र निसर्ग उद्यान सहकुटुंब पाहावें.

सुमारें ३७ एकरांच्या या भूमीवर पूर्वीं शहराचा केरकचरा पडत असे. १९८३ सालीं पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हस्तें तेथें पहिलें रोप लागलें आणि १९९४ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें. अकरा वर्षें लागलीं; म्हण फारशी चुकली नाहीं!

परंतु कचऱ्यावर माती लोटली कीं काम झालें, असें कोणीं समजूं नये. पुरलेला कचरा कुजतां कुजतां खचतो, त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो, आणि त्यांत मुरलेलें पावसाचें पाणी दूषित होऊन बाहेर झिरपतें. म्हणून अशा भूमीस मातीचा जाड थर द्यावा लागतो, पाण्यास वाट करून द्यावी लागते, काटक झाडें लावावीं लागतात, आणि त्यांच्या पाचोळ्यानें नवी माती घडेपर्यंत धीर धरावा लागतो. आज तेथें दाट छाया आहे, पक्षी व फुलपांखरें आहेत, आणि शाळांतील मुलें वृक्षवेलींची ओळख करून घेण्यास येतात. ज्या वस्तींत घरास अंगण नाहीं, तिच्या शेजारीं हें केवढें भाग्य!

मात्र याच मुंबईनें १९२७ पासून देवनारास कचऱ्याचे डोंगर रचले, हेंही विसरूं नये. तो कचरा तुमच्याआमच्या घरांतलाच. ओला व सुका कचरा स्वयंपाकघरांतच निराळा करणें, हीच भूमातेची पहिली सेवा होय.