नानाची लाल पेन्सिल

प्रिय वहिनी,



तुमचं पत्र पोचलं. सगळ्यात घाईचं आहे ते तुम्ही अगदी शेवटी, ताजा कलम घालून लिहिलंत, म्हणून आधी तेच घेतो. आपला नाना मागे ठेवून गेला ती निगेटिव्हची ट्रंक उघडली की व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकात जातो म्हणता. हा नुसता कोंदट वास नव्हे. त्या काळच्या फिल्मची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची असायची. उकाड्यात आणि दमट हवेत ती आतून फुटायला लागते, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल उरलेली पट्टी आणखी वेगानं नासवतं. एका पाकिटातलं दुखणं शेजारच्या पाकिटाला लागतं. मुंबईचे चार महिने पावसाचे आणि उरलेले घामाचे, त्यात ट्रंक न्हाणीघरावरच्या माळ्यावर. तेव्हा ती आजच खाली उतरवा आणि आतल्या खोलीत, भिंतीपासून जरा लांब ठेवा. वास मारणारी पाकिटं वेगळ्या डब्यात काढा. गोधड्यांना दाखवतो तसं ऊन मात्र दाखवू नका. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायचा मोह आवरा, कारण चित्र असतं तो थर जिलेटिनचा, पाणी लागलं की फुगतो आणि बुरशीबरोबर चित्रही निघून येतं.

स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ प्लॅस्टिकच्या फायलीही नकोत. ते पीव्हीसी असतं, काही वर्षांनी निगेटिव्हला चिकटतं. पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या मिळतात, त्या मी आणतो.

आणि जुनी पाकिटं फेकू नका. ती मळकी आहेत, वाळवीनं कोपरे खाल्लेत, सगळं कबूल. पण त्यांच्यावर नानाचं अक्षर आहे. 'चिराबाजार, सकाळ, ओर्वो' एवढंच लिहायचा. ओर्वो म्हणजे पूर्व जर्मनीची फिल्म. ती मिळाली नाही की आपली उटीची इंदू. शंभर फुटांचा डबा आणून अंधारात स्वतः कॅसेटी भरायचा, तेवढेच चार पैसे वाचत. पाकिटं कशामागून कशी लावली आहेत, तो क्रम मोडू नका. कुठल्या गल्लीतून तो कुठे गेला हे सांगणारं दुसरं काहीच आपल्याकडे नाही.

आता तुमच्या पुतण्याबद्दल. पोरगा गुणी आहे, हातात मोबाइल आणि मनात काकाबद्दल अभिमान. रोज दहा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे आणि 'गिरगावची विवियन मायर' असं काहीतरी नाव द्यायचं त्याच्या मनात आहे, असं तुम्ही लिहिलंत. तिथे मी अडखळलो. मायरबाईंची गोष्ट त्याला सिनेमातून ठाऊक असणार. शिकागोच्या श्रीमंत उपनगरांत मुलं सांभाळणारी एक बाई गळ्यात रोलायफ्लेक्स अडकवून रस्त्यांवर फोटो काढत राहिली आणि ते बहुतेक कुणालाच दाखवले नाहीत. भाड्यानं घेतलेल्या कोठारांचं भाडं थकलं, २००७ साली तिचं सामान लिलावात गेलं. जॉन मलूफ नावाच्या तरुणाला आपल्या भागावरच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते. त्यानं सुमारे ४०० डॉलरला एक खोकं घेतलं, त्यात हजारो निगेटिव्ह निघाल्या. बाई एप्रिल २००९ मध्ये वारली. काही दिवसांनी मलूफनं खोक्यात सापडलेलं तिचं नाव इंटरनेटवर शोधलं, तेव्हा कुठे त्याला तिच्या निधनाची सूचना दिसली आणि तिचा माग लागला. आज तिच्या निगेटिव्हची संख्या लाखाच्या पुढे सांगतात.

गोष्ट छान आहे आणि सिनेमाला शोभतेही. पण मायरबाईंनी स्वतः जे थोडे प्रिंट काढले किंवा काढवून घेतले, त्यांत अनेक ठिकाणी त्यांनी चौकोनाच्या कडा छाटलेल्या आहेत. आपण भिंतीवर आणि पुस्तकांत पाहतो ते मात्र बहुतेक त्यांच्यामागे काढलेले पूर्ण चौकोनी प्रिंट. म्हणजे ज्या नेमक्या चौकटीसाठी आपण त्यांना दाद देतो, ती चौकट कॅमेऱ्याची आहे. बाईंनी ती तशीच राखली असती का, हे सांगायला बाई नाहीत. लाखातून कोणते शंभर घ्यायचे, हेही दुसऱ्यांनीच ठरवलं. मलूफला मी दोष देत नाही. त्यानं उचललं नसतं तर सगळं कचऱ्यात गेलं असतं. पण निवडणाऱ्याचं नाव फोटोच्या खाली यायला हवं, एवढा माझा हट्ट आहे.

याहून बोलकं उदाहरण गॅरी विनोग्रँडचं. न्यूयॉर्कचा हा गडी १९८४ मध्ये ५६ व्या वर्षी कॅन्सरनं गेला. मागे सुमारे २५०० रोल न धुतलेले, ६५०० धुतलेले पण कॉन्टॅक्ट शीट (रोलच्या सगळ्या फ्रेम एका कागदावर) न काढलेले, आणि आणखी ३००० ची कॉन्टॅक्ट शीटं काढली पण त्यांतून काही निवडलं नाही. तीन लाखांहून अधिक फ्रेम, ज्यांना तो 'हो' किंवा 'नाही' म्हणालाच नव्हता. तशीही रोल मुद्दाम वर्ष-वर्ष न धुता ठेवायची त्याची सवय होती. फोटो काढतानाची धुंदी उतरली की मगच चांगलं-वाईट कळतं, असं त्याचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे जॉन झारकोव्स्की म्हणजे त्याचे सगळ्यात मोठे चाहते. त्यांनी ते रोल धुवून घेतले, १९८८ मध्ये मोठं प्रदर्शन भरवलं आणि शेवटच्या वर्षांतल्या कामानं आपली निराशा झाली हेही मोकळेपणानं सांगितलं. पुढे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात लिओ रूबिनफीन या त्याच्या तरुण मित्रानं त्याच ढिगातून वेगळे फोटो वेचले आणि ती वर्षं एवढी ओसाड नव्हती असा दावा मांडला. माणूस एक, ढीग एक, आणि निघाले दोन विनोग्रँड. यातला खरा कोणता?

नानाच्या बाबतीत आपलं नशीब बरं, कारण फ्रेम निवडताना त्यानं लाल पेन्सिल वापरली. मागे तुम्ही मला पाहायला दिलेलं चिराबाजारचं एक कॉन्टॅक्ट शीट अजून माझ्याकडे आहे. हातगाडीवरून बर्फाची लादी उतरवणारे दोघे, लादीवर गोणपाट, भुसा सगळीकडे सांडलेला. लागोपाठ सहा फ्रेम. चौथ्या फ्रेममध्ये सगळं जागच्या जागी आहे. चेहऱ्यावर ऊन, दंडाचे स्नायू ताणलेले, मागे दुकानाची पाटी स्वच्छ. कुणीही तीच निवडेल, आणि तुमचा पुतण्याही तीच टाकणार. नानानं तिच्यावर फुली मारली आहे. खूण आहे पाचवीवर. तिच्यात एका माणसाचं डोकंच कापलं गेलंय, पाटी अर्धी, पण डाव्या कोपऱ्यातून एक पोरगा वाकून आत आलाय आणि खाली पडलेला बर्फाचा तुकडा पायानं आपल्याकडे ओढतोय. लादी उचलणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही. चौथी फ्रेम चांगल्या छायाचित्रकाराची आहे, पाचवी नानाची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी खुणा केलेल्या फ्रेम स्कॅन करू. त्या 'नानाची निवड' म्हणून वेगळ्या राहू देत. बाकीच्यांतून आपल्याला जे आवडेल ते जरूर दाखवू, पण 'निवड पुतण्याची' असं लिहून. कडा छाटायच्या नाहीत. नानानं एन्लार्जरखाली स्वतः काढलेले प्रिंट सापडले, तर निगेटिव्हपेक्षा त्यांना जास्त जपा. सावली किती काळी हवी होती, ते फक्त त्यांच्यात उरलं आहे.

हक्काचं सांगतो, कंटाळू नका. मायरबाईंच्या फोटोंवर हक्क कुणाचा, हा वाद २०१४ मध्ये कोर्टात गेला. फ्रान्समधल्या दूरच्या नातेवाइकांचा शोध, शिकागोच्या कुक काउंटीनं ताब्यात घेतलेली मालमत्ता, आणि शेवटी २०१६ मध्ये मलूफशी तडजोड. निगेटिव्ह विकत घेतली म्हणून हक्क विकत मिळत नाही, एवढा धडा त्यातून सगळ्यांना मिळाला. आपल्याकडे आता छायाचित्राचा हक्क छायाचित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. नाना बँकेत होता, रस्त्यावरचे फोटो स्वतःच्या पैशानं काढले, तेव्हा ते तुमचे आणि मुलांचे. फिल्मचा खर्च भागवायला त्यानं लग्नांचे फोटोही काढले होते. त्यांचे पैसे दुसऱ्यांनी दिले होते, म्हणून त्या फोटोंचा हक्क बहुधा पैसे देणाऱ्यांकडे जातो. ती पाकिटं बाजूला ठेवा. आणि कोण काय परवानगी देणार हे तुम्ही आणि मुलांनी सह्या करून लिहून ठेवा. 'डिजिटायझेशन फुकट करून देतो' म्हणत कुणी ट्रंकच न्यायला आला तर चहा पाजा आणि परत पाठवा. स्कॅन घरात होतात.

मोठ्या संस्थेचा विचार पुढे करू. छायाचित्रकार होमाई व्यारावालांनी आपला संग्रह हयातीतच दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, तो शहाणपणा होता. दिल्लीचेच छायाचित्रकार कुलवंत रॉय १९८४ मध्ये गेले. त्यांची खोकी आदित्य आर्य यांच्याकडे आली आणि कित्येक वर्षं बंदच राहिली. उघडली तेव्हा फाळणीच्या आसपासचा देश त्यांतून बाहेर आला. आपल्यापाशी नेहरू-गांधी नाहीत, बर्फवाले आहेत. त्यांची नावं सांगू शकणारी माणसं अजून गिरगावात आहेत, पण फार दिवस नसतील. इमारती पाडल्या जातायत, माणसं विरार-डोंबिवलीला चालली आहेत.

म्हणून इन्स्टाग्रामच्या आधी गणपती. तुमच्या वाडीच्या मंडळाला विचारा, देखाव्याशेजारची एक भिंत दहा दिवस द्याल का म्हणून. साध्या कागदावर मोठे प्रिंट, खाली नंबर, शेजारी दोरीनं बांधलेली वही आणि पेन. विरारला गेलेलेसुद्धा दर्शनाला येतातच. "हा आमचा बाबू", "हे दुकान नंतर बूटवाल्यानं घेतलं" असं लोक लिहितील, चुकीचंही लिहितील, एकमेकांचं खोडतील. ती वही जपून ठेवायची. कुणी म्हणालं, आमच्या आईचा हा फोटो नको, तर वाद न घालता काढायचा. रस्त्यावर फोटो काढताना नानानं परवानगी घेतली नव्हती, ती त्याच्या वतीनं आपण आता घेऊ.

राहिले नानाचे न धुतलेले रोल. नाना असता तर धुतलेच असते, म्हणून धुवावेत असं मला वाटतं. पडून राहिलेल्या रोलवरचं चित्र दर वर्षी थोडं थोडं विरत जातं, त्यामुळे थांबण्यात फायदा नाही. पण त्यांवर लाल खूण कधीच नसणार. त्यातून एखादा अप्रतिम फोटो निघाला तरी 'नानाचा सर्वोत्तम' म्हणून तो मिरवायला माझी तयारी नाही. तुमच्या थोरल्या लेकीचं मत माझ्या उलट आहे हे मला माहीत आहे. तिला फोनवर सांगू नका, तिला घरी बोलवा, समोरासमोर भांडू.

मी रविवारी दुपारी येतो. जेवण करू नका, येताना काहीतरी घेऊन येईन. पुतण्याला थांबवून घ्या आणि त्याचा लॅपटॉप आणायला सांगा. पाकिटांवरचं अक्षर वाचायचं काम त्याचं, मला आता ते दिसत नाही.

कळावे,
तुमचा भाऊजी