गावाची दोन नावे

आम्हां बेळगावकरांच्या गावाचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘बेळगावी’ झाले. जुन्या इंग्रजी कागदांवर मात्र ‘बेलगाम’च राहिले. माणूस दोहोंत एकच गाव ओळखतो. कार्यालयांतील संगणकप्रणाली अक्षरास अक्षर ताडून पाहते. प्रसंगी शब्दामागे राहिलेली मोकळी जागाही तिला खटकते. आमच्या आत्याबाईंचे कुटुंबनिवृत्तिवेतन अशाच तफावतीपायी चार महिने अडले होते. अखेर एका जाणत्या कारकुनाने कोणतेच नाव खोडले नाही. कधीही न बदलणाऱ्या क्रमांकावर ओळख ठेवून दोन्ही नावे त्याखाली नोंदविली. वेतन सुटले. नावे जुळविण्यासाठी एक पुसावेच लागते असे नाही, हे त्याने आम्हां सीमावासीयांना दाखवून दिले.