जुना लॅपटॉप, चार पार्टिशन आणि सरकारी टायपिंग

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. पैसे भरून किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून वर्षभराची मुदतवाढ मिळते, ती झाली की संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ च्या आधीचा बहुतेक माल बाद. हा माल कुठंय? साताऱ्यात, कोरेगावात, तासगावात, घराघरात. मोठ्या भावाने डिप्लोमाला वापरला, आता बहीण वापरते.

आमच्या शेजारची पोर तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीवर मराठी टायपिंगची तयारी करते. परीक्षा परिषदेची, ३० शब्दांची. दुकानदार म्हणाला, "ह्याला आता काय अर्थ न्हाय, नवीन घ्या." वडील नाहीत, आई शिवणकाम करते. नवीन कुठून घेणार? ती म्हणाली, "काका, बघा ना काही होतंय का." सरावाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून विंडोज काढून टाकून चालणार नव्हतं. विंडोज टायपिंगपुरतं, नेट न जोडता. बँक, फॉर्म, महाडीबीटी सगळं लिनक्सवर. ४ जीबी रॅम म्हणून मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली.

अडलं ते इथं. डिस्कवर जागा मोकळी केली तरी इन्स्टॉलर ती 'वापरता येत नाही' म्हणायचा. कारण जुन्या एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशन चारच होतात, आणि आपल्याकडे दुकानातून मशीन येतं तेच सी, डी, ई करून. त्यात विंडोजचं स्वतःचं एक छोटं लपलेलं. झाले चार! पाचव्याला जागा असून नसल्यासारखी. उपाय एकच, ई रिकामं करून उडवायचं आणि तिथं एक्स्टेंडेड करायचं. पण ई मध्ये वडिलांचे फोटो होते. ते आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी केले, उघडतायत का ते तिच्या आईला दाखवलं, मगच पुढं. इथं घाई करणाऱ्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका.

दुसरी गोम बूट मेनूत. एकच पेनड्राइव्ह तिथं दोनदा दिसतो, एक साधा, एक यूईएफआय लिहिलेला. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड 'लेगसी' असेल तर साधाच निवडायचा. नाहीतर लिनक्स बसतं, पण सुरू होताना दोन्हींचा मेनू येत नाही आणि लोक म्हणतात विंडोज गेलं. गेलेलं नसतं. फास्ट स्टार्टअप आधी बंद करायचं, कारण त्यात विंडोज नीट बंदच होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याचं पार्टिशन लिनक्सला लिहू देत नाही.

वायफाय दिसेना. ब्रॉडकॉमचं कार्ड. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला, दहा मिनिटांत काम झालं.

मराठीसाठी वेगळं काही लागलं नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो. भानगड आहे ती जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फायलींची. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी कृतीदेवमधले अर्ज अजून फिरतात. फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

आता मुद्दा. केरळात शाळांमधले कॉम्प्युटर २००० च्या दशकापासून लिनक्सवर चालतात, दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच होते. आपल्याकडे एक टायपिंगचा सराव विंडोजशिवाय होत नाही, म्हणून गरिबाच्या पोरीला एका मशीनवर दोन संसार मांडावे लागतात. शाळा-कॉलेजच्या लॅबमधली मशीन्स भंगारात काढायच्या आधी निदान पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, त्यासाठी डिस्कला हातही लागत नाही. आणि परीक्षा परिषदेने सरावाचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालेल असं करून घ्यावं. ह्या खात्यात कुणाची ओळख असेल तर ही पोस्ट तिथवर पोचवा.

जाता जाता, लिनक्सवरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं दिसलं तर सेल बदलायला दुकानात जाऊ नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज ती भारतीय समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक ओळीची कमांड आहे. हवी असेल त्याने कमेंटमध्ये सांगा, टाकतो.