प्रत्यक्षदर्शींनी सांगितले...

२०१५ ला नाशकात सिंहस्थाच्या बातम्यांची धावपळ चालू असताना निशिकांत कामतांचा 'दृश्यम' पाहिला होता. तेव्हा विजय साळगावकरच्या डोक्यावर फिदा झालो होतो. परवा तो पुन्हा पाहिला, आणि पाठोपाठ जीतू जोसेफ यांचा २०१३ चा मूळ मल्याळम.

गोष्ट तीच. पण अजय देवगणची नजरच सांगते, हा गडी काहीतरी लपवतोय. मोहनलालचा जॉर्जकुट्टी मात्र आपल्या गल्लीतला केबलवाला वाटतो. पैशाला चिकट, पिक्चरवेडा. त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवेल. मला तोच जास्त पटला.

यावेळी लक्ष अडकलं ते साक्षीदारांवर. बस कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरचा ऑपरेटर. हा माणूस त्यांना पुन्हा जाऊन भेटतो, गप्पांत तारीख पेरतो. मग पोलिसांसमोर एकही जण खोटं बोलत नाही, आणि तारीख सगळ्यांचीच चुकीची!

वीस वर्षं मी बातमीत 'प्रत्यक्षदर्शींनी सांगितले' लिहितोय. एकदा चोरीच्या बातमीत दोघांच्या सांगण्यावरून एका पोराचं नाव छापलं. पुढे तो निर्दोष सुटला. अटकेची बातमी तीन कॉलम होती. सुटकेची चार ओळी, आतल्या पानावर. दोन्ही मीच लिहिल्या होत्या.